चेंडू दिसला पाहिजे : नेरूळ येथील सोसायटी सभागृहातील हॉकी प्रक्षेपणाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

प्रो लीग या आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धेचा युरोपातील टप्पा आज सुरू झाला आणि ॲम्स्टलवेनमध्ये भारत नेदरलँड्सकडून १-२ असा हरला. सामना सोसायटीच्या सभागृहात ६५ इंची टीव्हीवर, उपग्रह जोडणीवरील एचडी वाहिनीवर लावला होता. सेक्टरमधील हॉकी खेळणारी मुले, त्यांचे प्रशिक्षक आणि आम्ही काही जुने शौकीन जमलो होतो. पहिल्या सत्रातच तक्रारींना सुरुवात झाली. खेळाडू दिसत होते, काठ्या दिसत होत्या, पण जोरात मारलेला चेंडू वाटेतच नाहीसा होई आणि थेट दुसऱ्या खेळाडूच्या काठीपाशी उगवे. प्रशिक्षक सर म्हणाले, "मी खेळाडूंची तोंडे कुठे वळतात ते पाहून चेंडूचा अंदाज बांधतो आहे. मुलांनी यातून काय शिकायचे?"

कार्यकारिणीने हे काम माझ्याकडे दिले. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यात मोजमाप उपकरणांची देखभाल करण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, एवढेच त्यामागचे कारण. २९ ऑगस्टला राजगीर येथे आशिया चषक सुरू होतो, त्याआधी काम पूर्ण व्हावे अशी मुदत आहे. नवा टीव्ही घ्यायचा नाही आणि दोष नेमका कुठे आहे हे ठरल्याशिवाय कोणालाही तक्रारीचे पत्र पाठवायचे नाही, या दोन अटी मी स्वतःहून घातल्या आहेत. दुसरी अट काही सभासदांना पटलेली नाही, कारण त्यांच्या मते दोष कंपनीचाच असतो.

८ जून २०२५

मैदानापासून पडद्यापर्यंतची साखळी आज कागदावर मांडली. कॅमेऱ्यातून निघालेले चित्र मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या फिरत्या नियंत्रण कक्षात जाते, तेथे दिग्दर्शक कॅमेरे निवडतो आणि गुणफलक चढवतो. तेथून ते वाहिनीच्या केंद्रात येते, तेथे वाहिनीचे बोधचिन्ह, समालोचन आणि जाहिराती जोडल्या जातात. त्यानंतर उपग्रह सेवा देणारी कंपनी ते चित्र पुन्हा दाबून, म्हणजे त्यातील माहिती कमी करून, उपग्रहाकडे पाठवते, आणि शेवटी आमच्या गच्चीवरील छत्री, केबल, बॉक्स आणि टीव्ही यांची पाळी येते. या सगळ्या साखळीत आमच्या हातात फक्त शेवटचे काही मीटर आहेत, म्हणून तपासणीही तिथूनच उलट दिशेने करायची असे ठरवले.

पहिलीच कडी गंजलेली निघाली. टीव्ही भिंतीवर उंच बसवला आहे आणि बॉक्स खाली कपाटात आहे. बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनजवळ तेवढ्या लांबीची एचडीएमआय केबल नसावी, म्हणून त्याने पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी केबल लावून काम भागवले होते. पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्स ते ५७६ ओळींचे करून पाठवतो आणि टीव्ही ते ताणून पडदाभर पसरवतो. म्हणजे सभागृह सुरू झाल्यापासून सोसायटी एचडीचे पैसे भरत होती आणि पाहत होती एसडी, म्हणजे जुन्या पद्धतीचे कमी ओळींचे चित्र. वाहिनीच्या क्रमांकापुढे "एचडी" अशी अक्षरे उमटत राहिल्यामुळे कोणाला शंका आली नाही. पाच मीटरची एचडीएमआय केबल पीव्हीसी पट्टीतून नेली.

बॉक्सच्या मेन्यूत चित्राचे आकारमान ७२०पी वर होते, ते १०८०आय केले. आपल्याकडील एचडी प्रक्षेपण बहुतांशी १०८०आय पद्धतीचे असते. त्यात १०८० ओळींचे चित्र एकदम न येता आधी विषम आणि मग सम अशा ५४० ओळींच्या अर्ध्या चित्रांत येते, आणि अशी ५० अर्धी चित्रे दर सेकंदाला येतात. ती कोणीतरी जोडावी लागतात. आमचा बॉक्स हे काम वाईट करतो, धावत्या खेळाडूच्या काठीच्या कडेला करवतीसारखे दाते उमटतात. टीव्ही तेच काम पुष्कळ बरे करतो. ज्याला जे जमते ते त्याला करू द्यावे, म्हणून बॉक्सने चित्र जसेच्या तसे पुढे पाठवावे अशी व्यवस्था केली.

९ जून २०२५

नेदरलँड्सविरुद्धचा दुसरा सामना, २-३. चित्रात लक्षणीय सुधारणा झाली आहे हे सगळ्यांनी मान्य केले, पण चेंडू अजूनही हरवतो.

आज दोष ओळखण्याची एक सोपी रीत हाती लागली आणि पुढची सर्व तपासणी तिच्यावरच आधारायची आहे. पडद्यावर वाहिनीचे बोधचिन्ह, सामन्याचा गुणफलक आणि मैदान या तीन गोष्टी एकाच वेळी दिसतात, आणि त्या साखळीतील तीन निरनिराळ्या ठिकाणी चित्रात शिरलेल्या असतात. बोधचिन्हाची कड धारदार आहे पण गुणफलक आणि मैदान दोन्ही पुसट आहेत, असे असेल तर चित्र वाहिनीच्या केंद्रात पोहोचण्यापूर्वीच बिघडलेले आहे; बहुधा एसडी चित्र ताणून एचडी म्हणून दिले आहे. बोधचिन्ह आणि गुणफलक धारदार आहेत, खेळ थांबला असताना मैदानही स्वच्छ दिसते, पण कॅमेरा फिरू लागताच मैदान विरघळते, असे असेल तर चित्र दाबण्याच्या पायरीवर संशय घ्यावा. मैदान थांबलेले असतानाही मऊ दिसत असेल तर कॅमेरा, त्याची भिंग किंवा दिग्दर्शकाची निवड जबाबदार असते. आणि बोधचिन्हासकट सगळ्याचेच चौकोनी तुकडे पडत असतील किंवा चित्र गोठत असेल तर शिडी घेऊन गच्चीवर जावे.

आजच्या सामन्यात दुसरा प्रकार होता. पेनल्टी कॉर्नरसाठी (बचाव करणाऱ्या संघाच्या फाउलमुळे गोलरेषेवरून मिळणाऱ्या संधीसाठी) खेळाडू उभे राहिले की बचावपटूंच्या मुखवट्याच्या पट्ट्यादेखील मोजता येत होत्या. प्रतिहल्ला सुरू होऊन कॅमेरा डावीकडून उजवीकडे झेपावला की टर्फ आणि प्रेक्षक यांचा एकच लगदा होत होता.

याचे कारण गणिताने समजते. एचडी चित्र न दाबता वाहून न्यायचे तर सेकंदाला १.४८५ गिगाबिट लागतात, आणि उपग्रहावरून घरोघरी पोहोचणाऱ्या वाहिनीच्या वाट्याला त्यांतले जेमतेम काही मेगाबिट येतात. शिवाय उपग्रहावरील एका ट्रान्सपाँडरवर (सिग्नल घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्रावर) अनेक वाहिन्या बसवलेल्या असतात आणि उपलब्ध बिट त्यांच्यात क्षणाक्षणाला गरजेप्रमाणे वाटले जातात. आपला कॅमेरा झेपावतो त्याच क्षणी शेजारच्या वाहिनीवर मारामारीचे दृश्य चालू असेल तर आपल्या वाट्याला कमी येणारच. चित्रात जे बदलत नाही ते पुन्हा पाठवावे लागत नाही, म्हणून बातम्या देणारी निवेदिका नेहमी सुरेख दिसते आणि हॉकी दिसत नाही.

१३ जून २०२५

"क्रिकेटचा चेंडू दिसतो, मग हॉकीचा का दिसत नाही?" हा प्रश्न सभागृहात इतक्या वेळा विचारला गेला की त्याचे लेखी उत्तर तयार करणे सोयीचे वाटले.

दोन्ही चेंडू जवळपास सारख्याच आकाराचे आहेत. हॉकीच्या चेंडूचा घेर २२४ ते २३५ मिलिमीटर असतो आणि पुरुषांच्या क्रिकेटमधील चेंडूचा २२४ ते २२९ मिलिमीटर. फरक कॅमेऱ्याच्या कामात आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या मागचा कॅमेरा २०.१२ मीटरच्या खेळपट्टीवर रोखलेला असतो, चेंडू कुठून सुटणार आणि कुठे जाणार हे कॅमेरामनला आधीच ठाऊक असते, आणि चेंडू टप्पा खाईपर्यंत पार्श्वभूमी हलत नाही. हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. खेळ समजायचा असेल तर त्यातला निदान निम्मा भाग एका वेळी दिसला पाहिजे. चौकटीत आडवे ४५ मीटर मैदान मावते असे धरले, तर १९२० ठिपक्यांच्या एचडी चित्रात एका ठिपक्याला सुमारे २.३ सेंटिमीटर मैदान येते, म्हणजे सव्वासात सेंटिमीटर व्यासाचा चेंडू तीन ठिपक्यांचा होतो. ७२० ठिपक्यांच्या एसडी चित्रात तोच चेंडू एका ठिपक्यापेक्षा किंचित मोठा राहतो. पिवळ्या पिनेतून आम्ही इतके दिवस तो एक ठिपका शोधत होतो.

आता वेग पाहावा. ताशी १०० किलोमीटरने निघालेला चेंडू सेकंदाच्या पन्नासाव्या भागात सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे लागोपाठच्या दोन अर्ध्या चित्रांत तो स्वतःच्या आकाराच्या सुमारे साडेसातपट सरकलेला असतो. अशा तीन ठिपक्यांना चित्र दाबणारे यंत्र किंमत देत नाही, आणि टीव्ही तर त्यांना चक्क घाण समजतो. हे आज डोळ्यांनी पडताळून पाहिले. टीव्हीच्या मेन्यूत "नॉइज रिडक्शन" नावाची सोय असते. ती लागोपाठची चित्रे ताडून पाहते आणि एकाच चित्रात डोकावून नाहीसे होणारे बारीक ठिपके पुसून टाकते. चित्रमुद्रित करून ठेवलेल्या सामन्यातील एक लांब पास निवडला आणि तो पुन्हा पुन्हा लावला. ही सोय "हाय" वर असताना चेंडू मैदानाच्या मध्यावर पुसला जात होता. "ऑफ" करताच तोच पास काठीपासून काठीपर्यंत अखंड दिसला. प्रशिक्षक सरांनी तो स्वतः रिमोट हातात घेऊन खात्रीसाठी उलटसुलट करून पाहिला आणि मग म्हणाले, "म्हणजे टीव्हीच आमचा चेंडू चोरत होता."

हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद केली, कारण ती दोन चित्रांच्या मधले चित्र अंदाजाने रचते आणि काठ्यांच्या गर्दीत तिचा अंदाज चुकतो. "स्पोर्ट्स" या नावाची चित्रपद्धतही बंद केली. या पद्धतीत निळा टर्फ शाईसारखा गडद होतो आणि खेळाडूंच्या निळ्या जर्सी त्यात बुडतात. कंपन्यांनी तिला खेळांचे नाव कोणत्या आधारावर दिले असेल, हे मला कळलेले नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये निळा टर्फ आणि पिवळा चेंडू आणला गेला तो पडद्यावर चेंडू उठून दिसावा या हेतूनेच. एवढ्या विचाराने निवडलेले रंग टीव्हीच्या एका बटनाने बिघडवू नयेत. चित्राचे माप "१६:९" वरून "जस्ट स्कॅन" केले, त्यामुळे कडेचा कापला जाणारा भाग परत मिळाला.

२२ जून २०२५

लागोपाठ सात पराभवांनंतर आज बेल्जियमवर ४-३ असा विजय मिळाला. सभागृहात जी गर्दी दुसऱ्या सामन्यानंतर आटली होती ती परत आली, त्यामुळे चाचणीला साक्षीदार भरपूर मिळाले. चेंडू दिसतो. कॅमेरा जोरात फिरला की लगदा होतो, तो तसाच आहे आणि तो आमच्या हातातला नाही.

आज दुसरी एक तक्रार नोंदवून घेतली. खेळ चालू असताना चित्र आकसून डावीकडे आणि खाली जाहिरातीची पट्टी येते. चित्राची लांबी-रुंदी प्रत्येकी पाचव्या हिश्श्याने कमी झाली तर क्षेत्रफळ ६४ टक्के उरते आणि आमचा तीन ठिपक्यांचा चेंडू अडीचवर येतो. क्रिकेटमध्ये ही पट्टी दोन चेंडूंच्या मधल्या वेळात आणतात. हॉकीत दोन चेंडूंच्या मधला वेळ नसतो, हे जाहिरात लावणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे.

५ जुलै २०२५

खजिनदारांनी बिलाची विचारणा केली. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१७ च्या दर-आदेशात वाहिन्यांची संख्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांच्या बरोबरीची धरली होती, शिवाय वाहिनीचे स्वतःचे शुल्क वेगळे असते. ज्यांचे एचडी रूप कोणी पाहत नाही अशा वाहिन्या पॅकमधून काढल्या आणि खेळांच्या ठेवल्या. बिल कमी झाले. दोन मालिकांच्या एचडी वाहिन्या काढल्याबद्दल महिला मंडळाने निषेध नोंदवला, तो कार्यकारिणीकडे पाठवला आहे.

एक आठवण येथे लिहून ठेवतो. दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण आणले ते ऑक्टोबर २०१० मधील दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने, आणि त्याच स्पर्धेच्या हॉकी अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला ८-० असे हरवले. तेव्हा चित्र पुसट असते तरी कोणी तक्रार केली नसती.

१३ जुलै २०२५

दोन दिवसांच्या पावसात चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले, बोधचिन्हासकट. रीतीप्रमाणे गच्चीवर जाण्याची वेळ आली. कंपनीचा तंत्रज्ञ आला, त्याने बॉक्सचा सिग्नलचा मेन्यू उघडला आणि म्हणाला, "काका, सिग्नल तर फुल आहे. तुमचा टीव्हीच बघून घ्या."

मेन्यूत दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या जोराची आणि दुसरी दर्जाची. तो पहिली वाचत होता. जोर म्हणजे छत्रीतून एकूण किती ऊर्जा आली ते, आणि त्यात गोंगाटही मोजला जातो. चित्र ज्याच्यावर अवलंबून असते तो दर्जा, आणि ती पट्टी निम्म्यावर होती. हे दाखवल्यावर तो निमूटपणे वर आला.

छत्रीच्या मुखाशी असलेल्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) केबल जिथे जोडलेली असते तो एफ-कनेक्टर त्याने पाना लावून सोडवला. आतून पाण्याचे दोन थेंब त्याच्या अंगठ्यावर पडले. केबलच्या मधली तांब्याची तार, जी लालसर चकचकीत असायला हवी, ती टोकाकडून हिरवट-काळी पडली होती, आणि तिच्याभोवतीची जाळी बोटाने चोळताच भुगा होऊन गळली. जुना कनेक्टर पिळून बसवायच्या जातीचा होता आणि त्यावर गुंडाळलेली इन्सुलेशन टेप उन्हाने तडकली होती. शिवाय केबल एलएनबीकडून थेट खाली न जाता वरून उतरत आली होती, त्यामुळे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत नेमके जोडातच शिरत होते. तंत्रज्ञ स्वतःच म्हणाला, "हे कोणी केलंय? आमच्याकडचं नाही हे." बहुधा त्यांच्याकडचेच होते, पण तो वाद मी घातला नाही.

केबल हातभर मागे कापून चांगल्या तांब्यापर्यंत आणली, दाबून बसवायचा कनेक्टर लावला, त्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळली आणि जोडापाशी केबलला खाली झोका दिला, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल. गच्चीपासून सभागृहापर्यंतच्या केबलमध्ये मध्येच एक जोड होता, तो काढून आरजी-६ जातीची अखंड केबल ओढली. दर्जाची पट्टी तीन-चतुर्थांशाच्या वर गेली. तंत्रज्ञाला चहा दिला. मेन्यूतील दोन पट्ट्यांतला फरक आता आमच्या सुरक्षा रक्षकालाही पाठ आहे.

१९ ऑगस्ट २०२५

कालपासून मुंबई आणि नवी मुंबईत अतिवृष्टी चालू आहे, हार्बर मार्गावरील लोकल कोलमडली आहे आणि शाळा बंद आहेत. पावसाळी चाचणीसाठी याहून चांगला दिवस मिळणार नव्हता. खेळाची एचडी वाहिनी आणि तिचीच एसडी आवृत्ती आलटून पालटून लावत राहिलो. पावसाचा जोर वाढला तशी आधी एचडी वाहिनी तुटली, एसडी त्यानंतरही काही मिनिटे तग धरून होती, आणि मग दोन्ही गेल्या.

उपग्रह सेवेच्या केयू-बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, हा निसर्गाचा भाग झाला. जुन्या ॲनालॉग टीव्हीत असे झाले की चित्रात मुंग्या येत आणि त्या मुंग्यांतून सामना दिसत राही. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एका मर्यादेनंतर एकदम जाते. एचडी वाहिन्यांसाठी सहसा अधिक दाट माहिती वाहणारी पद्धत वापरतात आणि तिला स्वच्छ सिग्नल अधिक लागतो, म्हणून ती मर्यादा त्यांच्यासाठी आधी येते. जास्त पैसे देणारा प्रेक्षक पावसात आधी आंधळा होतो, असे एका सभासदाने म्हटले. विनोद सोडला तर वस्तुस्थिती तीच आहे.

उपाय एकच आहे, मोठी छत्री. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटर व्यासाची छत्री घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि सिग्नलमध्ये सुमारे साडेतीन डेसिबलची भर पडते. आजच्यासारख्या पावसात ती पुरणार नाही, पण सप्टेंबरच्या सरींना पुरेल. खर्च कार्यकारिणीने मंजूर केला.

२४ ऑगस्ट २०२५

९० सेंटिमीटरची छत्री बसली. गच्चीच्या कठड्याला न ठोकता सिमेंटच्या ठोकळ्यांवर स्टँड ठेवला, कारण गच्चीचे वॉटरप्रूफिंग फोडण्यास सचिवांचा विरोध होता आणि तो योग्य होता.

२९ ऑगस्ट २०२५

मेजर ध्यानचंद यांची जयंती, राष्ट्रीय क्रीडा दिन आणि आशिया चषकाचा पहिला दिवस. सभागृहात मात्र परवापासून पाच दिवसांचा गणपती बसला आहे, त्यामुळे बॉक्स उचलून सोसायटीच्या कार्यालयात आणला आणि तेथील ४३ इंची टीव्हीवर सामना लावला. या अडचणीचा फायदाच झाला. तोच बॉक्स आणि तोच सिग्नल असूनही लहान पडद्यावर चित्र अधिक तलम दिसले. ६५ इंचांवर डोळ्यांत खुपणारे दाबण्याचे दोष ४३ इंचांवर त्याच अंतरावरून कळत नाहीत. गणपती उठल्यावर सभागृहात खुर्च्यांची पहिली रांग मागे घ्यायची, म्हणजे काहीही खर्च न करता तोच परिणाम साधेल.

भारताने चीनला ४-३ ने हरवले. हरमनप्रीत सिंगचे तिन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर झाले, आणि चर्चाही त्यावरच झाली. पेनल्टी कॉर्नर मिळाल्यापासून तो घेईपर्यंत ४० सेकंदांची मुदत असते. प्रशिक्षकांना मुलांना दाखवायचे असते ते याच ४० सेकंदांत: गोलरेषेवर कोण कुठे उभा आहे, पहिला धावणारा बचावपटू कोणत्या बाजूने निघणार, वर्तुळाच्या टोकावर हल्लेखोरांच्या दोन फळ्या लावल्या आहेत की एक. हॉकीच्या प्रक्षेपणात अनेकदा हा वेळ फाउलचे पुनर्दर्शन, खेळाडूच्या चेहऱ्याचे जवळचे चित्र आणि प्रेक्षकांतील झेंडे यांत जातो आणि कॅमेरा मैदानावर परततो तो चेंडू आत सरकवण्याच्या बेतात असताना. एचडीने खेळाडूच्या कपाळावरचा घाम दाखवता येतो, म्हणून तो दाखवलाच पाहिजे असे नाही. हा दोष छत्रीचा नाही, कंपनीचाही नाही, दिग्दर्शकाचा आहे, आणि सोसायटीच्या गच्चीवरून तो दुरुस्त होण्यासारखा नाही.

३१ ऑगस्ट २०२५

गणपतीचे विसर्जन आणि जपानवर ३-२ असा विजय. चाचणी झाली नाही.

३ सप्टेंबर २०२५

सामना सभागृहात. दक्षिण कोरियाशी २-२ अशी बरोबरी. खुर्च्या मागे घेतल्याचा परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला.

आज आवाजाकडे लक्ष दिले. समालोचन घसा फोडून येत होते आणि पंचांची शिट्टी, काठीचा आवाज, हूटर मागे दबले होते. बॉक्स डॉल्बी पद्धतीचा, म्हणजे अनेक स्पीकरांसाठीचा आवाज पाठवत होता आणि टीव्हीचे दोनच स्पीकर तो नीट मिसळत नव्हते. बॉक्सच्या मेन्यूत "स्टीरिओ" निवडल्यावर मैदान ऐकू येऊ लागले.

७ सप्टेंबर २०२५

अंतिम सामना, पुन्हा दक्षिण कोरिया. संध्याकाळभर सरी येत-जात होत्या. दर्जाची पट्टी खाली-वर झाली, पण चित्र एकदाही तुटले नाही. मोठ्या छत्रीचे पैसे वसूल झाले, असे खजिनदारांनी स्वतःहून म्हटले.

सुखजीत सिंगने पहिल्याच मिनिटाला गोल केला. सभागृहात ओरडा झाला आणि काही सेकंदांनी तोच ओरडा वरच्या मजल्यांवरून आला. घरी मोबाईलवर सामना पाहणाऱ्यांना इंटरनेटवरचे चित्र उपग्रहापेक्षा उशिरा मिळत होते. जमिनीपासून उपग्रह आणि परत या प्रवासाला जेमतेम पाव सेकंद लागतो; इंटरनेटवर चित्राचे तुकडे करून, साठवून मग दाखवतात, तिथे वेळ जातो. आमच्या ओरडण्यामुळे गोल आधीच कळतो अशी दोन सभासदांची तक्रार आली. ती प्रकल्पाच्या कक्षेबाहेरची असल्याने त्यांना सभागृहात येण्याचे निमंत्रण दिले.

दिलप्रीत सिंगचे दोन आणि अमित रोहिदासचा एक असे गोल होऊन भारत ४-१ असा जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. दिलप्रीतच्या गोलांपूर्वीचे पास मुलांनी पुनर्दर्शनाशिवाय पाहिले. प्रशिक्षक सरांनी सामना संपल्यावर त्यांना पासचा क्रम विचारला आणि मुलांनी तो बरोबर सांगितला. माझ्या दृष्टीने प्रकल्पाची कसोटी हीच होती.

१४ सप्टेंबर २०२५

तक्रारींची पत्रे आज पाठवली, दोन ठिकाणी दोन वेगळी. सेवा कंपनीला फक्त कॅमेरा फिरताना होणाऱ्या लगद्याबद्दल लिहिले आणि त्यासोबत वेळ, वाहिनी, सिग्नलचा दर्जा आणि त्याच क्षणी मोबाईल ॲपवर तुलनेने स्वच्छ असलेले चित्र यांची नोंद जोडली, म्हणजे "तुमची छत्री तपासा" हे ठरलेले उत्तर देता येणार नाही. वाहिनीला जाहिरातीची पट्टी आणि पेनल्टी कॉर्नरचे ४० सेकंद यांबद्दल लिहिले. "चित्र खराब आहे" हे वाक्य दोन्ही पत्रांत कुठेही नाही. कार्यकारिणीतील एका सभासदाला पत्रे फार सौम्य वाटली. पण दोष कोणाचा हे नेमके लिहिले असेल तर आवाज चढवायची गरज पडत नाही, या मताला मी चिकटून राहिलो.

५ ऑक्टोबर २०२५

कंपनीकडून उत्तर आले : छत्री तपासून घ्यावी. सिग्नलच्या नोंदी पुन्हा जोडून पत्र वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवले. वाहिनीकडून अद्याप उत्तर नाही.

नवीन अडचण उद्भवली आहे. आमच्या आग्नेयेच्या भूखंडावरील जुन्या इमारतीचा पुनर्विकास मंजूर झाला असून तेथे मनोरा उभा राहणार आहे. आमची छत्री त्याच बाजूला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर पाहते. त्या हिशेबाने मनोरा आमच्या छत्रीपासून ३० मीटरवर असेल तर तो गच्चीच्या वर सुमारे ५२ मीटर जाईपर्यंत धोका नाही, आणि त्यानंतर सिग्नल बंद होईल. विश्वचषक १५ ते ३० ऑगस्ट २०२६ या काळात बेल्जियममधील वाव्र आणि नेदरलँड्समधील ॲम्स्टलवेन येथे आहे, म्हणजे पुन्हा भर पावसाळ्यात. तोपर्यंत बांधकाम तेवढे वर जाणार नाही, पण क्रेन जाऊ शकते. छत्रीचा स्टँड ठोकळ्यांवर असल्याने गच्चीच्या पश्चिम टोकाला हलवता येईल. त्यासाठी लागणाऱ्या जादा केबलचे अंदाजपत्रक पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवण्यास सचिवांना सांगितले आहे.